एंजिनाचा शाफ्ट बेताच्या भारावर कां मोडतो?

पाण्याच्या एंजिनाचा शाफ्ट मोडला म्हणजे मालक व मिस्त्री या दोघांच्याही तोंडून बहुधा एकच निदान निघतें: पोलाद हलकें होतें, नाहीं तर भार फार पडला. हीं दोनही कारणें कधीं कधीं खरीं असतात. परंतु चांगल्या पोलादाचा व भरपूर जाडीचा शाफ्ट बेताच्या भारावर चालत असतां मोडतो. त्याच्या जागीं नवा बसविला तर तोही जवळजवळ तितक्याच तासांनीं आणि त्याच जागीं मोडतो. असा प्रकार जेथें घडतो तेथें केवळ पोलादास दोष देऊन भागत नाहीं. उंसाची किंवा गव्हाची पाण्याची पाळी आली असतां पंप आठवडाभर बंद राहिला, तर होणारें नुकसान शाफ्टच्या किंमतीहून किती तरी अधिक असतें. आणि नवा शाफ्टही मोडावयाचाच असेल, तर त्यावरचा खर्चही पाण्यांत गेला असें समजावें. या मोडतोडीचें एक मोठें व फारसें परिचित नसलेलें कारण म्हणजे शाफ्टमधील पिळाचीं कंपनें. त्यांचा विचार कसा करतात व हिशेब कसा मांडतात, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. त्यांतील गणित वर्गमुळाच्या पलीकडे जात नाहीं.

प्रथम साध्या भाराचा हिशेब पाहूं. मिनिटास १,५०० फेरे करणारें ५ अश्वशक्तीचें एंजिन शाफ्टवर सरासरी सुमारें २४ न्यूटन-मीटर पीळ घालतें. म्हणजे एक मीटर लांबीच्या आडव्या दांडीच्या टोकास सुमारें अडीच किलोग्रॅम वजन टांगलें असतां दांडीच्या बुडाशीं जेवढा पीळ पडेल, तेवढा. ३० मिलिमीटर जाडीच्या पोलादी शाफ्टवर याचा जो ताण येतो त्याच्या पंचवीसपट ताण साधें पोलादही सोसतें. अर्ध्या मीटर लांबीचा असा शाफ्ट या भारानें एका अंशाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच पिळतो. मग तो मोडावा कसा?

याचें उत्तर 'सरासरी' या शब्दांत आहे. एंजिन कांहीं बैलाप्रमाणें एकसारखा ओढा लावीत नाहीं. एका सिलिंडरच्या चार टप्प्यांच्या एंजिनांत दोन फेऱ्यांतून एकदांच तेल पेटतें. त्या अर्ध्या फेऱ्यांत पिस्टन शाफ्टला जोरानें ढकलतो, आणि बाकीचा दीड फेरा फ्लायव्हीलनें सांठविलेल्या गतीवर निघतो. हवा दाबण्याच्या वेळीं तर शाफ्टच उलट पिस्टनला ढकलतो. म्हणून शाफ्टवर पडणारा पीळ क्षणांत वाढतो, क्षणांत उतरतो, क्षणभर उलटाही होतो. शाफ्ट ही दिसावयास ताठ वस्तु असली, तरी वस्तुतः ती एक जाड स्प्रिंगच होय.

विहिरींत दोरावर टांगलेली बादली हातानें गोल फिरवून सोडून द्यावी. दोराचा पीळ तिला परत फिरवितो, ती मूळ जागा ओलांडून पलीकडे जाते, पुनः परतते. अशा हेलकाव्यास लागणारा वेळ आपण तिला थोडी फिरविली कीं फार फिरविली यावर अवलंबून नसतो. तो दोर किती ताठ आहे आणि बादली किती जड व रुंद आहे यांवर ठरतो. यालाच त्या जोडीची स्वाभाविक कंपनसंख्या म्हणतात. आतां बादली परत फिरावयास लागली कीं नेमक्या त्याच क्षणीं तिला एक हलकी चापट द्यावी, आणि प्रत्येक हेलकाव्यास असेंच करीत जावें. दहाबारा चापटींत हेलकावा केवढा तरी वाढतो. झोपाळ्यावर मूल बसवून झोंके देणाऱ्या प्रत्येकास हें ठाऊक आहे. जोर थोडा, पण वेळ साधलेली. या स्थितीस शास्त्रांत अनुनाद म्हणतात. एंजिनांतील ठोक्यांची संख्या शाफ्टच्या स्वाभाविक कंपनसंख्येशीं जुळली म्हणजे शाफ्टची गत बादलीसारखीच होते. भेद एवढाच, कीं बादलीचा हेलकावा डोळ्यांना दिसतो आणि शाफ्टचा दिसत नाहीं, कारण तो त्याच्या फिरण्यावर चढलेला असतो. फ्लायव्हीलचा तोल गेला असेल तर सगळें एंजिन पायावर हादरतें. पिळाच्या कंपनांत पाया बहुधा शांतच असतो. हा रोग छुपा म्हणून ओळखला जातो तो यासाठींच.

एंजिनें जोपर्यंत सावकाश चालत, तोपर्यंत या गोष्टीकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नव्हतें. मोठ्या आगबोटींचे लांबलचक शाफ्ट भर समुद्रांत मोडूं लागले, तेव्हां जर्मनीतील हँबुर्ग येथील ब्लोम उंड फॉस या गोदीतील हेर्मान फ्राम या एंजिनियरानें चालत्या जहाजांच्या शाफ्टचें मोजमाप केलें, व १९०२ सालीं तें प्रसिद्ध केलें. ठराविक वेगावर शाफ्टमधील पीळ हिशेबाहून कित्येक पटींनीं वाढतो, हें त्यानें दाखवून दिलें. पुढें मोटारींत सहा सिलिंडरचीं एंजिनें आलीं, तीं चार सिलिंडरच्या एंजिनांहून लांब असल्यामुळें त्यांचे क्रँकशाफ्ट लवचिक झाले, व तेथेंही हीच तक्रार उद्भवली. रोल्स-रॉइसच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी गाडीस हा त्रास झाला, आणि १९०६ च्या ४०/५० गाडींत रॉइस यांनीं क्रँकशाफ्ट अधिक जाड व ताठ केला. फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९१० सालीं शाफ्टच्या मोकळ्या टोकास बसवावयाच्या, घर्षणानें कंपन जिरविणाऱ्या चकतीचें पेटंट घेतलें. एवढें ज्ञान झाल्यावरही ठोकर बसावयाची ती बसलीच. १९२९ च्या मे महिन्यांत 'ग्राफ झेपेलिन' हें प्रचंड विमानजहाज अमेरिकेस जाण्यास निघालें असतां त्याच्या पांच एंजिनांपैकीं चार वाटेंत निकामी झालीं, व दक्षिण फ्रान्समधील क्युएर येथें तें कसेंबसें उतरविण्यांत आलें. एंजिनें पूर्वींचींच, पूर्वींच्या सफरींत नीट चाललेलीं; मध्यंतरीं कपलिंगच्या रचनेंत बदल केला होता, आणि तेवढ्यानें पिळाच्या कंपनांचा मेळ बिघडला होता. आपल्या शेतावर कपलिंग बदलणाऱ्यानें ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां प्रत्यक्ष हिशेबाकडे वळूं. जें यंत्र आपण पाहणार तें साधें आहे: एका टोकास एंजिनाचें फ्लायव्हील, दुसऱ्या टोकास जनरेटरचा किंवा पंपाचा फिरणारा भाग, आणि मध्यें जोडशाफ्ट. फिरत्या भागाचें जडत्व काढावयाचें तर त्याचें वजन किलोग्रॅममध्यें घेऊन त्यास, तें वजन मध्यापासून सरासरी जितक्या मीटरवर आहे त्या अंतराच्या वर्गानें गुणावें. समजा, फ्लायव्हीलची कडा ५० किलोग्रॅम वजनाची व मध्यापासून २० सेंटिमीटरवर आहे. त्याचें जडत्व ५० × ०.२ × ०.२ = २ झालें. जनरेटरचा फिरता भागही ५० किलोग्रॅमचाच, पण त्याचें वजन मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटरवर. त्याचें जडत्व ०.५ झालें. वजन तेंच असतां अंतर निम्मे झाल्यानें जडत्व चौथाई झालें, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

शाफ्टचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो व लांबीच्या प्रमाणांत घटतो. ३० मिलिमीटर जाड व ५०० मिलिमीटर लांब पोलादी शाफ्टचा ताठरपणा सुमारें १२,७२० येतो. म्हणजे एक रेडियन पीळ घालावयास तितके न्यूटन-मीटर लागतील. आतां दोन जडत्वांची बेरीज (२.५) त्यांच्या गुणाकारानें (१) भागावी, आलेल्या संख्येस ताठरपणानें गुणावें, वर्गमूळ काढावें, व त्यास ९.५५ नें गुणावें. आलेलें उत्तर म्हणजे मिनिटाची स्वाभाविक कंपनसंख्या. येथें ती सुमारें १,७०३ येते.

ही संख्या एंजिनाच्या ठोक्यांशीं ताडून पाहावयाची. १,५०० फेऱ्यांवर तेल मिनिटास ७५० वेळां पेटतें. पण पेटण्याचा धक्का गुळगुळीत लाटेसारखा नसून खडबडीत असल्यामुळें त्याच्या पोटांत दुप्पट, तिप्पट, चौपट संख्येचे लहान ठोकेही असतात: ७५०, १,५००, २,२५०, ३,००० असे. पिस्टनच्या वरखालीं होणाऱ्या वजनाचे झटके यांपैकीं कांहींत भर घालतात, विशेषतः ३,००० च्या ठोक्यांत. आपली १,७०३ ही संख्या १,५०० च्या जवळ आहे. इतक्या जवळिकीनें त्या ठोक्याचा परिणाम सुमारें साडेचारपट होतो. हें बरें नव्हे.

यावर कोणीही मिस्त्री सांगेल, कीं शाफ्ट जाड घाला. ३५ मिलिमीटरचा घातला तर कंपनसंख्या २,३१८ होते, आणि ती २,२५० च्या अंगावर येऊन पडते. ठोक्याचा परिणाम सतरापट. बरें, ४० मिलिमीटरचा घातला तर ३,०२८; ती ३,००० ला जवळजवळ चिकटली, आणि घर्षण मुळींच नसतें तर परिणाम ५० पटींहून अधिक झाला असता! जास्त पैसे खर्चून जाड शाफ्ट घालावा आणि तो बारीक शाफ्टच्या आधीं मोडावा, हें ऐकणारास थट्टा वाटेल. पण आकडे समोर आहेत. दोहोंच्या मध्यें ३७ मिलिमीटर घेतला तर २,५९१ येते व दोन्ही बाजूंस थोडी मोकळीक मिळते, पण तीही समाधानकारक नाहीं. रॉइस यांचा जाड शाफ्ट यशस्वी झाला, कारण त्यानें कंपनसंख्या गाडीच्या नेहमींच्या वेगांतील मोठ्या ठोक्यांच्या वर नेली. आपल्या उदाहरणांत तितकें वर जाण्यास शाफ्ट पुष्कळ जाड व आंखूडही करावा लागेल. म्हणून येथें उलट दिशेनें जाणें शहाणपणाचें ठरतें.

मध्यें रबराचें कपलिंग घालून सगळ्या जोडणीचा ताठरपणा १,००० वर आणला, तर कंपनसंख्या सुमारें ४७८ होते. ती सर्वांत सावकाश ठोक्याच्याही, म्हणजे ७५० च्या, बरीच खालीं आली. आतां ७५० चा ठोका वाढण्याऐवजीं घटून सुमारें दोनतृतीयांश उरतो, व १,५०० चा तर नवमांशच. रबर मऊ म्हणून कमजोर, अशी समजूत पुष्कळांची असते. येथें मऊपणा हेंच त्याचें काम आहे. मात्र एक पथ्य पाळावें लागतें. ४७८ ही संख्या नाहींशी झालेली नाहीं. एंजिन ९५५ फेऱ्यांवर असतां पेटण्याचे ठोके तिच्याशीं नेमके जुळतात. एंजिन सुरू करतांना व थांबवितांना हा वेग ओलांडावाच लागतो, आणि झटक्यानें ओलांडल्यास कांहीं बिघडत नाहीं. पण एंजिन तापण्यासाठीं म्हणून त्याच वेगावर पांच-दहा मिनिटें सोडून बैठक मारणें हें कपलिंगास मारक आहे.

ज्या यंत्रांत दोहोंहून अधिक फिरते भाग आहेत, त्यांचा हिशेब एका सूत्रांत मावत नाहीं. त्यासाठीं जर्मन एंजिनियर हाइन्रिख होल्ट्सर यानें १९२१ सालच्या आपल्या ग्रंथांत जी कोष्टकाची रीत विस्तारानें मांडली, ती आजही शिकविली जाते; संगणक आल्यावरही तिचें मर्म कायम आहे. एक कंपनसंख्या अंदाजानें धरावी. पहिला भाग एक रेडियन हलला असें समजून, त्यामुळें शाफ्टवर किती पीळ येईल, त्या पिळानें शाफ्ट किती वळेल, व म्हणून दुसरा भाग किती हलेल, हें पायरीपायरीनें काढीत शेवटच्या भागापर्यंत जावें. शेवटीं पिळांची बेरीज शून्य आली तर अंदाज बरोबर. नाहीं तर दुसरी संख्या धरून पुनः मांडणी करावी. जमाखर्चाची वही जुळविण्यासारखेंच हें काम आहे. आपल्या पहिल्या उदाहरणांत १,७०३ धरून मांडणी केली तर फ्लायव्हील एक माप हललें असतां जनरेटर उलट दिशेनें चार मापें हलतो, असें निघतें व बेरीज शून्य येते. यावरून आणखीही एक गोष्ट कळते. शाफ्टवर एक जागा अशी असते जी मुळींच हेलकावत नाहीं. ती येथें फ्लायव्हीलपासून १०० मिलिमीटरवर आहे. या जागेस गांठ म्हणतात. तेथें हेलकावा नसतो, पण पीळ मात्र पुरता असतो. जोडशाफ्ट सर्वत्र सारख्या जाडीचा असतां हा पीळ सगळीकडे सारखाच राहतो, व चावीची खांच किंवा पायरी जेथें असेल तेथें शाफ्ट मोडतो.

गांठीचा हा विचार समजला म्हणजे जुनीं सावकाश चालणारीं एंजिनें इतकीं चिवट कां, याचाही उलगडा होतो. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कारखान्याचें मिनिटास ६५० फेऱ्यांचें, दोन बाजूंस दोन जड फ्लायव्हीलें असलेलें एंजिन, व त्याच घाटाचीं राजकोटकडे तयार झालेलीं एंजिनें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तेथें क्रँक दोन सारख्या फ्लायव्हीलांच्या बरोबर मध्यें येते. दोन फ्लायव्हीलें एकमेकांविरुद्ध हेलकावूं लागलीं, तर गांठ नेमकी क्रँकशींच पडते. आणि गांठीवर कितीही ठोके मारले तरी तें कंपन जागें होत नाहीं, जसें झोपाळ्याच्या वरच्या कडीस धक्के देऊन झोंका चढत नाहीं. शिवाय पंपाकडे शक्ति चामड्याच्या किंवा कापडी पट्ट्यानें जात असे. पट्टा थोडा ताणला जातो, थोडा सरकतो, व त्यांत कंपन जिरतें. अशा एंजिनाचें एक फ्लायव्हील काढून त्या जागीं जनरेटर थेट जोडला, म्हणजे ही सारी समतोल रचना मोडली. हा उद्योग हिशेबावांचून करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ट्रॅक्टरच्या अनेक सिलिंडरी एंजिनांत ठोके आळीपाळीनें पडतात व बरेचसे एकमेकांना मारतात. तीन सिलिंडरमध्यें फेऱ्यामागें दीड ठोका व त्याच्या पटी, चारांत दोन व त्याच्या पटी, सहांत तीन व त्याच्या पटी, एवढेच मोठे ठोके उरतात. पण एका सिलिंडरचा इंजेक्टर बिघडून तो पेटेनासा झाला, म्हणजे हा मेळ तुटतो व अर्ध्या फेऱ्याचे ठोके पुनः वर येतात. धूर दिसत असतां तसाच नांगर रेटणारा मनुष्य केवळ तेल वायां घालवीत नसून क्रँकशाफ्टचें आयुष्यही खर्चीत असतो.

हें आयुष्य किती लवकर सरतें तेंही पाहावें. मिनिटास १,५०० म्हणजे तासास ९०,००० पिळाचे हेलकावे. एक कोटी हेलकावे १११ तासांत भरतात. पोलाद एकदां सोसतें तो ताण कोटीवेळां सोसत नाहीं. त्यास शिणवटा येतो, एखाद्या खांचेशीं केंसाएवढी चीर पडते, व ती हळूहळू आंत सरकते. मोडलेल्या शाफ्टचें तोंड पाहून हें ओळखतां येतें. खडूची कांडी दोन्ही हातांनीं पिळून मोडा. ती आडवी तुटत नाहीं, तिरकस मळसूत्री रेघेनें, सुमारें ४५ अंशांवर तुटते. शाफ्टही तेलाच्या छिद्रापासून असाच तिरकस चिरत गेला असेल, व मोडीवर गुळगुळीत, वळ्या पडलेला भाग दिसत असेल, तर संशय पिळाच्या कंपनांवर घ्यावा. उलट क्रँकच्या भिंतींतून आडवी मोड आली असेल, तर बहुधा बेअरिंग झिजलें आहे किंवा जोडणी एका रेषेंत नाहीं, व शाफ्ट वांकून वांकून मोडला आहे. म्हणून मोडलेले तुकडे एकमेकांवर घांसूं नयेत व भंगारांतही टाकूं नयेत. कोरडे पुसून, तेल लावून, कागदांत गुंडाळून जाणत्यास दाखवावे.

क्रँकशाफ्ट घांसून घेतांना कारखान्यांत एक गोष्ट सांगून ठेवावी. ५० मिलिमीटरचें जर्नल ४९ केल्यानें तेथील ताठरपणा आठ टक्क्यांनीं घटतो; हें फारसें नाहीं. परंतु जर्नल व भिंत यांच्या कोपऱ्यांतील गोलाई घांसतांना नाहींशी होऊन तेथें काटकोन राहिला, तर चीर तेथूनच सुरू होते. गोलाई मूळ मापाची राखावी व ती गुळगुळीत असावी.

राहतां राहिलें रबर. तें वयानें व उष्णतेनें टणक होतें. आपल्या उदाहरणांत त्यामुळें ताठरपणा १,००० चा २,००० झाला, तर कंपनसंख्या ६७५ वर चढते, व ७५० चा ठोका जो घटत होता तो आतां चौपटीहून अधिक वाढूं लागतो. अशा वेळीं कोणी तेल वांचविण्यासाठीं गव्हर्नर सैल करून एंजिन १,३५० फेऱ्यांवर आणलें, तर पेटण्याचे ठोके नेमके ६७५ होतात. कपलिंगखालीं रबराची काळी भुकटी पडूं लागली, बोल्ट वरचेवर सैल होऊं लागले, चावीची खांच रुंदावली, किंवा एका विशिष्ट वेगावरच खडखडाट होऊन वेग बदलतांच तो थांबला, तर शाफ्ट अजून शाबूत असतांनाच कपलिंगचें रबर बदलावें, आणि बदलतांना तें त्याच कठिणपणाचें, कारखान्यानें नेमून दिलेलेंच मागून घ्यावें.